काकूंच्या ज्वारीचा पट्टा

निवृत्त झालेल्या बाईला काही काम नसतं, असा आमच्या माहेरी ठाम समज आहे. धाराशिवच्या कॉलेजात जन्मभर जीवशास्त्र शिकवून मी उन्हाळ्यात निवृत्त झाले आणि दिवाळीच्या पणत्या उचलून ठेवायच्या आतच थोरल्या भावाचा फोन आला. दादा नमस्कार-चमत्कारात वेळ घालवत नाही. "आता रिकामीच हाईस, तर ये हिकडं. काकूंच्या जवारीला राखण पायजे. मला जमायचं न्हाय, मला ऊस हाय."

"मला ऊस हाय" हे तो अशा सुरात म्हणतो, की घरात बाळंतीण असावी. मी म्हटलं, मला गुडघे आहेत. पण तोवर त्यानं फोन ठेवला होता. नवरा गेल्यापासून घरी मी एकटीच, त्यामुळं नाही म्हणायला चटकन कारण सापडत नाही, आणि माहेरची माणसं नेमकं हेच ओळखून असतात. पिशवी भरली, तुळजापूरला गाडी बदलली, तिथं भक्तांच्या रेट्यात आधी भलत्याच गाडीत चढले, भांडून उतरले, आणि दिवस मावळायच्या आत मुरुमजवळच्या आमच्या गावात पोचले. काकू ओट्यावर बसल्या होत्या. माझ्याकडं नीट न बघताच म्हणाल्या, "आलीस? बरं झालं. गोफण फिरवता येती का?"

या काकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको. सीमेपलीकडच्या कानडी मुलखातून लग्न होऊन आल्या. चुलते लवकर गेले, पोटी मूल नाही, तरी घरात हुकूम त्यांचाच चालतो. सकाळी कपाळाला विभूती लावली की त्यांचा दिवस सुरू होतो, आणि तिथून पुढं आमचा अवघड होत जातो. मराठी बोलता बोलता राग आला की त्या कानडीत शिरतात. राग त्यांना बऱ्याचदा येतो.

आणि त्यांची ज्वारी. त्या ज्वारीला दुसरं नाव नाही. काकूंच्या ओटीत ती माहेरून आली, म्हणून ती काकूंची ज्वारी. ताट उंच, कणीस भरलं की मान टाकतं, दाणा थोडा पिवळसर, हुरड्याला गोड. आमच्याकडं पूर्वी लेकीबाळींची ओटी घरच्या ज्वारीनं भरायचे. त्यातली मूठभर लेक सासरी पेरायची. अशी ही ज्वारी बायकांच्या पदरातून गावोगाव गेली. मी कॉलेजात वनस्पतींच्या प्रसाराची साधनं शिकवायचे, वारा, पाणी, पक्षी, प्राण्यांची लव. पदर हे साधन पुस्तकात नव्हतं.

पुस्तकात आणखी एक भाग होता, सजीवांच्या वितरणावर परिणाम करणारे घटक. पाऊस, तापमान, माती, उंची, हे सगळं तपशिलात, नकाशासकट. आणि शेवटी, बहुधा तास संपल्याची घंटा होताना, "मानवी हस्तक्षेप". हे दोन शब्द मी जन्मभर घाईघाईनं उरकत आले. आता त्यांना चेहरे आहेत. एक दादाचा, एक काकूंचा आणि एक दादाच्या जावयांचा.

माझ्या लहानपणी रब्बीत आमच्या शिवारात ज्वारीशिवाय काही दिसायचं नाही. काळी खोल जमीन पावसाळाभर पाणी पिऊन बसायची, पाऊस गेल्यावर तिच्यात पेरायचं, आणि पुढं नुसत्या ओलीवर आणि दवावर पीक यायचं. माणसानं फार काही करायचं नसे. उरलेल्या उघड्या माळावर काळविटांचे कळप असायचे, कारण काळविटाला लांबवर दिसलं पाहिजे, नाही तर त्याला चैन पडत नाही. मग बोअर आले, पाइपलाइन आली. खरिपात सोयाबीन शिरलं आणि त्याच्यामागून ऊस. ऊस वाढला तशी हरणं दिसेनाशी झाली आणि रानडुकरं दिसायला लागली, कारण डुकराला उलट आडोसा लागतो. जनावर काही नकाशा बघून येत नाही. आपण त्याच्यासाठी शेत लावतो आणि मग ते आलं म्हणून ग्रामपंचायतीत ओरडतो.

हे मी दादाला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "हरिण काय, डुक्कर काय, खायला दोन्ही सारखीच. तुझं शिकवणं संपलंय न्हवं?"

त्याचंही सगळंच चूक नाही. ज्वारी काढायला माणूस मिळत नाही. ताटं उपटून हात फुटतात, आणि हल्लीच्या पोरांना हात मोबाइलसाठी लागतात. ऊस लावला की निदान राखण नको. त्यामुळं एकेक करत सगळ्या शिवारानं ज्वारी सोडली, आणि उरला तो दादाचा ऊस आणि हरभरा यांच्यामधला एक अरुंद पट्टा. तो उरला तो केवळ येळवशीमुळं.

येळवस म्हणजे आमच्या भागातली वेळ अमावस्या. थंडीतल्या त्या दिवशी अख्खं गाव रानात असतं. कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली अंबील यांचा नैवेद्य दाखवायचा, अंबील रानाच्या कडेकडेनं शिंपडायची, आणि मग येईल त्याला जेवू घालायचं. आता भज्जीत पडणाऱ्या शेंगा, हिरवे दाणे, बोरं, पात, यातलं निम्मं मुरुमच्या बाजारातून येतं आणि त्यावर कुणाची हरकत नसते. काकूंची हरकत फक्त कडब्याला. "इकतच्या कडब्याच्या कोपीत पांडव बसत न्हाईत," असं त्यांचं म्हणणं. कडबा त्याच रानातला पाहिजे. कडबा पाहिजे म्हणजे ज्वारी पेरली पाहिजे. ज्वारी पेरायची तर ती काकूंचीच. दादानं एकदा परस्पर विकतच्या पेंढ्या आणल्या, तेव्हा काकू कोपीबाहेर उन्हात जेवायला बसल्या. पुढच्या साली त्यांना पट्टा मिळाला.

तर या पट्ट्यावर मी त्या हिवाळ्यात राखणीला बसले. शिवारभर ज्वारी असायची तेव्हा पाखरं सगळ्यांचं थोडं थोडं खायची आणि कुणाला कळायचंही नाही. आता तालुक्यातल्या सगळ्या पाखरांना हाच एक पट्टा. चिमण्या, पोपट, होले हे आपले घरचेच, पण भोरड्या! या गुलाबी अंगाच्या मैना कुठल्या कुठल्या परक्या देशांतून डोंगर ओलांडून हिवाळ्यात ज्वारीसाठी आपल्याकडं येतात. कॉलेजात असताना मी पोरांना मोठ्या कौतुकानं सांगायचे, केवढा प्रवास, केवढी दिशेची जाण. त्या हिवाळ्यात माझं ते कौतुक ओसरलं. एवढा प्रवास करून काकूंचाच पट्टा सापडावा?

गोफण मला येईना. पहिला दगड मागं गेला आणि दादाच्या मोटरसायकलीला लागला. मग मचाणासारख्या माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवला. चमचमत्या रिबिनी बांधल्या. दादाचा जुना सफारी घालून बुजगावणं उभं केलं, त्याच्या खांद्यावर होले बसायला लागले. शेवटी दादानं स्वतःचा आवाज भरून एक भोंगा आणून लावला. "हाऽऽऽ हूऽऽऽ, हिकडं न्हाय, हिकडं न्हाय," असं तो भोंगा दिवसभर ओरडायचा. पाखरांना दोन दिवसांत त्याची सवय झाली, मला अजून झालेली नाही. दुपारी डुलकी लागली तरी स्वप्नात दादा मला हिकडं न्हाय म्हणायचा.

डुकरांसाठी साड्यांचं कुंपण केलं. आमच्याकडं आता सगळीकडं असतं. गावातल्या घराघरातून जुन्या साड्या मागून आणल्या आणि पट्ट्याभोवती बांबूंना ताणून बांधल्या. राणी कलर, पोपटी, मोरपंखी, कुणाची तरी डोहाळजेवणाची हिरवी. लांबून बघणाऱ्याला वाटावं आत मांडव आहे. डुकरांना साडी अंगाशी आली की बिचकायला होतं म्हणे. साडी चोहोबाजूंनी नीट बांधलेली असेल तर होतंही.

काकू रोज सकाळी काठी टेकत यायच्या आणि ज्वारीतून फिरायच्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, तरी कणसं हातानं चाचपून बघायच्या. कडेचं नको, मधलं घ्यायचं. फार मोठंही नको, फार उंचही नको. पसंत पडलं की कमरेच्या पिशवीतून जुन्या लाल खणाची चिंधी काढून ताटाला बांधायच्या. ही बियाची कणसं. बाकीची काढली तरी ही वाळेपर्यंत उभी ठेवायची.

चिंधी बांधणं ही काकूंची जुनी सवय. जे राखून ठेवायचं, हात लावायचा नाही, त्याला लाल चिंधी. लोणच्याच्या बरणीला चिंधी, तुपाच्या डब्याला चिंधी, आंब्याच्या एका फांदीला चिंधी. घरातल्या सगळ्यांना चिंधीचा अर्थ पाठ आहे. दादाची मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हापासून तर राखून ठेवलेलं सगळं एकाच माणसासाठी असायचं. जावई आले की चिंध्या सुटायच्या.

जानेवारीत मी काकूंना सोलापूरला डोळ्यांच्या ऑपरेशनला घेऊन गेले. जाताना दादाला बजावलं, पट्ट्याकडं लक्ष ठेव. तो म्हणाला, "बिनघोर जा. भोंगा हाय." आम्ही तिकडं दवाखान्यात, आणि इकडं माझी भाची आणि जावई सुट्टी साधून हुरडा खायला आले. सोबत जावयांच्या ऑफिसातली मित्रमंडळी. आधी कळवायची पद्धत त्यांच्यात नसावी. दादाला जावयाचं कोण कौतुक! हुरड्याची आगटी पेटली, चटणी झाली, दही आलं.

आम्ही परत आलो तेव्हा पाहुणे निघायच्या तयारीत होते. काकूंच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी. लेक सासरी चालली म्हणताच त्यांनी माजघरातलं मडकं काढायला लावलं. त्यात गेल्या सालची ज्वारी, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली. "आता नवी उभी हाय रानात. जुनी संपवा," असं म्हणत मडकं त्यांनी सुपात पालथं केलं. ओटी वहिनीनं भरली. काकू विधवा आणि मीही, त्यामुळं आम्ही दोघी सवयीनं मागं, दाराच्या चौकटीशी उभ्या राहिलो. काकू तिथूनच वहिनीला सांगत होत्या, "भर, भर. हात आखडू नगं." सगळी ज्वारी भाचीच्या पदरात गेली. जावयांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "काकू, हुरडा एक नंबर होता. अशी ज्वारी आयुष्यात खाल्ली नाही."

काकू खुश झाल्या. "खावा, खावा. तुमचंच हाय."

सकाळी त्या माझा हात धरून रानात आल्या. साड्यांच्या कुंपणाची एक बाजू सोडून बाजूला गुंडाळून ठेवलेली होती, पाहुण्यांना जायला-यायला रस्ता म्हणून. ती परत बांधायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्या वाटेनं डुकरं आत गेली होती आणि पट्टा आडवा झाला होता. ताटं लोळवलेली, कणसं मातीत चघळून टाकलेली. जे वर राहिलं होतं त्यावर पाखरं बसली होती. आणि भोंगा ओरडत होता, हिकडं न्हाय, हिकडं न्हाय.

उघड्या डोळ्यानं काकू चिंध्या शोधत होत्या. मला त्या आधी दिसल्या. आगटीच्या राखेत होत्या, काही अर्ध्या जळलेल्या, काही कणसांच्या दाणे काढलेल्या पिशांबरोबर कडेला टाकलेल्या. एकही ताटाला नव्हती.

मी दादाला हाका मारून बोलावलं. त्या दिवशी मी त्याच्याशी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो आधी गोंधळला, मग त्यालाच राग आला. "चिंध्या व्हत्या म्हणूनच तर काढली! मला वाटलं काकूंनी जावयासाठी राखल्यात. आजवर चिंधीचं समदं कुणासाठी असतंय? तूच सांग. मी काय साधी कणसं घालू व्हय जावयाला? ते पण मित्रांदेखत?"

त्याचं म्हणणं आमच्या घरात तरी बरोबर होतं. त्यानं आळसानं किंवा लोभानं काही केलं नव्हतं. शिवारातल्या शेवटच्या ज्वारीतली निवडून काढलेली, बियासाठी राखलेली सगळीच्या सगळी कणसं त्यानं मोठ्या आदरानं भाजून पाहुण्यांना घातली होती. ज्या ज्वारीनं अवर्षणं काढली, सोयाबीन काढलं, ऊस काढला, ती आमच्या पाहुणचारापुढं टिकली नाही.

काकू बांधाच्या धुऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मडकं म्याच पालथं केलं." नंतर कानडीत काही तरी पुटपुटल्या. ते रागाचं नव्हतं, म्हणून मला भीती वाटली.

दोन दिवसांनी डोकं ठिकाणावर आलं तसा मी भाचीला फोन लावला. म्हटलं, तुझ्या ओटीतली ज्वारी दळू नकोस, नीट ठेव, मी न्यायला येते. भाची म्हणाली, "आत्या, ती ज्वारी ना... अगं ह्यांनी गॅलरीत कबुतरांना टाकली. रोज सकाळी टाकतात. पुण्य लागतं म्हणतात."

"सगळी?"

"आत्या, आमच्याकडं ज्वारी कोण खातं? दोघांना दोन पोळ्या."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ एकटीच बडबडत बसले. कबुतर! भोरड्या निदान स्वतःच्या पंखांवर एवढा मुलूख ओलांडून येतात. कबुतराला जागचं हलायलाही लागत नाही. आपण बिल्डिंगा बांधतो, ते त्यांना कडे समजून राहतं, आणि मग माझ्या काकूंच्या माहेरची ज्वारी त्याच्यापुढं वाढून ठेवतो. मानवी हस्तक्षेप!

नंतर मी त्या ज्वारीचा शोध घेतला. ज्या ज्या घरी आमच्या लेकी दिल्या होत्या तिथं तिथं फोन केले. लातूरकडच्या चुलत बहिणीकडं आता सोयाबीन आणि तूर. उमरग्याच्या आत्याच्या सुनेला ज्वारी आठवत होती, पण तिनं रान ठोक्यानं दुसऱ्याला कसायला दिलेलं. काकूंच्या माहेरी, सीमेपलीकडं, स्वतः जाऊन आले. त्यांच्या भाच्यानं चहा पाजला, कानडीत आणि मराठीत माझी समजूत घातली, आणि कंपनीच्या बियाण्याची पिशवी भेट म्हणून दिली. एकीनं मात्र उत्साहानं डबा भरून पाठवला. उघडून बघितलं तर साधी बाजारातली ज्वारी. काकूंनी दाणा दाताखाली धरला आणि डबा माझ्याकडं सरकवला. "भाकरी कर याची," म्हणाल्या.

पाऊस आला आणि गेला. रब्बीच्या पेरणीच्या वेळी दादानं मला विचारलं, काकूंना विचारायचं धाडस त्याला नव्हतं. बी तर कुठंच नव्हतं. त्या पट्ट्यावर ऊस लागला. काकूंनी तो बघितला आणि हं म्हणाल्या. त्यांचा तो हं मला त्यांच्या ओरडण्यापेक्षा जास्त टोचला. चिंधी बांधणं त्यांनी सोडलं. त्या साली लोणच्याची बरणी मोकळीच होती, आणि सगळे जण ती बिनधास्त उघडत होते.

येळवस जवळ आली तशी काकूंनी सांगून टाकलं, "यंदा माझी कोप न्हाय. तुमी जावा." वहिनी रडली. दादा सकाळपासून गोठ्याजवळ उगाच फेऱ्या मारत होता, विकतच्या पेंढ्या आणल्या होत्या पण ट्रॉलीतून उतरवायचं त्याला धाडस होत नव्हतं. भज्जीचा घमघमाट सुटला होता आणि घरातलं कुणी रानात जायला निघत नव्हतं. मी वैतागून म्हटलं, काकू, पांडव बारा वर्षं रानात कुठल्याही झोपडीत राहिले, तुमच्या कडब्यावाचून अडले नाहीत. बोलल्याबरोबर मला फार वाईट वाटलं.

अशात दारात गाडी थांबली आणि भाची उतरली. मागून जावई, या खेपेला मित्रांविना, आणि मान खाली घालून. भाचीनं पर्समधून एक पायमोजा काढला. पुरुषी, राखाडी, एका बाजूला कंपनीचं चिन्ह, तोंडाशी रबर बांधलेलं. तो तिनं काकूंच्या पुढ्यात ठेवला.

"आजी, रागावू नका. ह्यांनी कबुतरांना टाकलेले दाणे कुंडीत पडले होते. पावसाळ्यात उगवलं काही तरी. मी मका म्हणून उपटणार होते, ह्यांनी उपटू दिलं नाही. आत्याचा तो फोन झाला तेव्हापासून ह्यांना फार लागून राहिलं होतं. मग कणीस आलं आणि कबुतरं यायला लागली, म्हणून ह्यांनी त्यावर मोजा चढवला."

जावई म्हणाले, "धुतलेला होता, काकू."

मी इतकी वर्षं शिकवत आले की या ज्वारीला खोल काळी जमीन लागते, तिची ओल लागते, रात्रीचं दव लागतं. काकूंचं तर म्हणणं होतं की ती काळ्या रानाबाहेर येतच नाही. आणि ती आली होती चौथ्या मजल्यावर, तुळशीच्या शेजारी, नळाच्या पाण्यावर, जावयांच्या मोज्यात. आम्हा दोघींनाही काही कळत नव्हतं.

काकूंनी मोजा सोडला. कणीस बारीक होतं, पण मान टाकलेलं. त्यांनी ते तळहातावर चोळलं, फुंकर मारली, ऑपरेशन झालेल्या डोळ्याजवळ हात नेला. एक दाणा दाताखाली धरला. आम्ही सगळे उभे. दादा तर गोठ्यातून धावत येऊन उंबऱ्यात थबकलेला.

"बारीक पडलीया," काकू म्हणाल्या. मग, "पण आमचीच हाय."

दादानं नाक ओढलं. वहिनी म्हणाली, "बरं झालं बाई, मडक्यात ठेवू या." काकूंनी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी दाण्यांचे दोन वाटे केले. एक पदराच्या टोकाला बांधला. दुसरा ओंजळीत घेऊन त्या उठल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पदर धर."

मला कळेना. मी सवयीनं मागं सरले होते, चौकटीशी. म्हटलं, "काकू, मला काय? तिची भरा. मी..."

"तू काय? पदर धर म्हटलं न्हवं?"

"अहो, तुम्ही भरायची नसते. मी घ्यायची नसते."

"कुणी सांगितलं? बी एका घरात ठिवू न्हाय. हितं ऊस हाय, डुकरं हायत, दादा हाय." दादानं खाली बघितलं. "तुझं येडशीचं रान पडूनच हाय न्हवं? तितं टाक."

येडशीजवळ नवऱ्याचं थोडं रान आहे. तो गेल्यापासून मी तिकडं फिरकलेही नाही. मी म्हटलं, "काकू, ते डोंगरउताराचं मुरमाड रान. वीतभर माती. शेजारी रामलिंगाचं जंगल. माकडं आहेत, मोर आहेत, दाणा शिल्लक राहणार नाही."

"मग राखण कर. तुला काय काम हाय?"

घरात सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. मी पदर धरला. नवरा गेल्यापासून माझ्या पदरात कुणी काही घातलं नव्हतं, लग्नात नाही, सणाला नाही, आणि मीही ते गेलं असं धरून चालले होते. दाणे इतके थोडे होते की पदराला वजनही लागलं नाही. मी डोळे पुसायला हात वर करणार तोच काकू ओरडल्या, "हात सोडू नगं, सांडतंय!"

मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून लाल चिंधी काढली आणि माझ्या पदराला गाठ मारून वर ती बांधली. दादाकडं वळून म्हणाल्या, "पेंढ्या उतर ट्रॉलीतनं. यंदापुरत्या चालतील."